बोल्ट सुटत नाही? आधी हात थांबवा! ब्रेकच्या कामातले हट्टी बोल्ट आणि तुमचा धंदा



घरपोच कार सर्व्हिसच्या आपल्या मालिकेत मागच्या व्हिडिओत आपण ब्रेक पॅड बदलायला शिकलो. त्यात कॅलिपरचा बोल्ट चार सेकंदांत सुटताना तुम्ही पाहिला. खरं सांगू? ती गाडी नवी होती आणि तो बोल्ट मी आदल्या दिवशी एकदा सोडवलेला होता. गिऱ्हाइकाच्या पार्किंगमध्ये, सात वर्षं जुन्या आणि चार-पाच पावसाळे खाल्लेल्या गाडीवर असं होत नाही. तिथे बोल्ट हलत नाही, पाना घसरतो, घाम फुटतो आणि वर बाल्कनीतून गिऱ्हाईक बघत असतं.

म्हणून आजचा संपूर्ण लेख फक्त त्या न सुटणाऱ्या बोल्टवर आहे. एक गोष्ट आधीच लिहून ठेवा: बोल्टला पाना लावण्याआधी, तो मोडला तर काय करायचं याचं उत्तर तुमच्याकडे तयार असलं पाहिजे. उत्तर नसेल तर कामाला हात लावू नका. हा नियम मी पुस्तकात वाचलेला नाही. तो मला महागात शिकावा लागला.

माझा रविवार

सुरुवातीचे दिवस होते. एका सोसायटीत रविवारी संध्याकाळी पुढचे पॅड बदलायचं काम मिळालं. गाडी फोक्सवॅगनची. काका म्हणाले, "सोमवारी सकाळी हिला डायलिसिसला न्यायचंय, तेवढ्यासाठी गाडी हवी. होईल ना?" मी म्हणालो, "काका, तासाभराचं काम आहे."

चाक काढलं. कॅलिपरच्या मागे रबराची टोपी काढली, तर आत षटकोनी खाचेचा बोल्ट. म्हणजे एलन की लागणार. माझ्याकडे नऊ नगांचा एलन कीचा सेट होता. ६ मिमीची सैल बसते, ८ मिमीची आत जातच नाही. ७ मिमीची सेटमध्ये नाही! मी काय केलं असेल? ६ मिमीच्या कीभोवती पत्र्याचा तुकडा गुंडाळला, पाइप लावला आणि जोर दिला. 'खट्' असा आवाज आला. मला वाटलं सुटला. बोल्ट जागेवरच होता, आतल्या खाचेचे कोपरे मात्र गोल झाले होते.

रविवारी रात्री आठ वाजता कुठलं दुकान उघडं? गाडी स्टँडवर तशीच राहिली. सकाळी टॅक्सीचे पैसे मी दिले. काका रागावले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, "येत नव्हतं तर आधी सांगायचं रे." ते वाक्य अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी खाच साफ केली, थोडा मोठा टॉर्क्स बिट त्या गोल झालेल्या खाचेत हातोडीने ठोकून बसवला, लांब दांडा लावला आणि दहा मिनिटांत बोल्ट बाहेर. मग मला म्हणाले, "अरे, बोल्ट घट्ट नव्हताच. तुझा पाना चुकीचा होता."

बोल्ट हट्टी का होतो? चार कारणं

मित्रांनो, जोर लावण्याआधी कारण ओळखा. ब्रेकचे बोल्ट सहसा चार कारणांनी अडतात.

१. गंज. चाकाजवळ पाणी, चिखल आणि ब्रेकची उष्णता सतत असते. तापणं, थंड होणं, ओलं होणं असं चालू राहिलं की आट्यांमध्ये गंज धरतो. मुंबई, कोकण, गोवा अशा किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे जास्त दिसतं, कारण हवेतच खार असतो.

२. आट्यांवरचं चिकट द्रव्य. बोल्ट आपोआप ढिला होऊ नये म्हणून कंपनी काही बोल्टांच्या आट्यांवर लॉक करणारं द्रव्य लावते. कॅलिपर ब्रॅकेटचे बोल्ट यासाठी प्रसिद्ध आहेत. असा बोल्ट सुटतानाही शेवटपर्यंत जड फिरतो. घाबरू नका, तो तसाच असतो.

३. चुकीचा पाना. माझी चूक हीच.

४. चुकीची दिशा. हसू नका, हे रोज होतं. कॅलिपरच्या बोल्टचं डोकं गाडीच्या आतल्या बाजूला असतं आणि तुम्ही बसलेले असता बाहेर. हात मागून घालून पाना लावला की तुमच्या बाजूने दिशा उलटी दिसते. नेहमी मनात बोल्टच्या डोक्यासमोर बसा आणि तिथून घड्याळाच्या उलट दिशा ठरवा. पुष्कळ 'हट्टी' बोल्ट खरं तर आणखी घट्ट केले जात असतात!

वेगळ्या डोक्याचे बोल्ट ओळखा

साध्या षटकोनी डोक्याला गोटी पाना चालतो, पण गोटी सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी पटकन बसते, मात्र ती फक्त कोपऱ्यांवर जोर देते आणि गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाऊन टाकते. सहा कोनांची गोटी सपाट बाजूंना धरते.

आता बाकीचे प्रकार:

एलन, म्हणजे षटकोनी खाच. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत आणि फोर्डच्या काही गाड्यांत पुढच्या कॅलिपरच्या पिनला ७ मिमीची एलन लागते. बाजारातल्या नेहमीच्या सेटमध्ये १.५, २, २.५, ३, ४, ५, ६, ८, १० असे आकार असतात. ७ गायब! ही एक की वेगळी विकत घ्यायची, आणि तीही रॅचेटला लागणारी, बिट गोटीच्या स्वरूपातली.

टॉर्क्स, म्हणजे सहा पाकळ्यांची चांदणी. आपल्याकडे याला 'स्टार' म्हणतात. हा आकार अमेरिकेत १९६७ साली आला. उभ्या भिंतींवर जोर येत असल्यामुळे बिट सहजासहजी बाहेर फेकला जात नाही, म्हणून कंपन्यांना तो आवडतो. आकार 'टी' आणि आकडा असा लिहितात: टी ३०, टी ४०, टी ५०. काही बोल्टांचं डोकंच बाहेरून चांदणीसारखं असतं. त्याला उलटा टॉर्क्स, म्हणजे 'ई' मालिकेची गोटी लागते.

बारा टोकांचा स्प्लाइन. यात सगळ्यात जास्त लोक फसतात. वरवर तो टॉर्क्ससारखाच दिसतो. काही जुन्या स्कोडा आणि फोक्सवॅगन गाड्यांच्या मागच्या ब्रॅकेटला एम १४ आकाराचा असा बोल्ट असतो. त्यात टॉर्क्स बिट घातला तर तो बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की आतली टोकं झडतात. टोकं मोजा. सहा असतील तर टॉर्क्स, बारा असतील तर स्प्लाइन. टॉर्च मारून मोजायला दहा सेकंद लागतात.

डिस्कचा चपटा स्क्रू. होंडा आणि ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत डिस्क हबला धरून ठेवायला अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू असतात. जपानी गाड्यांतली ती खाच साध्या फिलिप्ससारखी दिसली तरी तिचा आकार थोडा वेगळा असतो, त्यामुळे साधा स्क्रू ड्रायव्हर वर फेकला जातो. इथे ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. हातोडीचा फटका बसला की त्याचा बिट खाचेत दाबलाही जातो आणि थोडा फिरतोही. विजेचा नाही, हाताने ठोकायचाच. साधं आणि स्वस्त हत्यार आहे, पण डिस्क बदलायच्या कामात त्याच्याशिवाय जाऊ नका.

पायऱ्या: याच क्रमाने

पायरी शून्य: सुरक्षितता. सपाट, कडक जमीन. हँडब्रेक, गिअर आणि उरलेल्या चाकांना लाकडी ठोकळे. मागच्या ब्रेकचं काम असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, तेव्हा पुढच्या चाकांचे ठोकळे जास्त महत्त्वाचे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर उभी करा. हट्टी बोल्टला झटका देताना गाडी हलते. फक्त जॅकवर असलेली गाडी पडू शकते. इथे तडजोड नाही म्हणजे नाही.

पायरी एक: जागा करा. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे कॅलिपरची मागची बाजू तुमच्याकडे येते. बरेच बोल्ट फक्त पाना तिरका लागल्यामुळे खराब होतात.

पायरी दोन: साफ करा. तारेच्या ब्रशने डोकं आणि दिसणारे आटे घासा. खाचेचा बोल्ट असेल तर आतली माती बारीक टोच्याने कोरून काढा. तळाशी दोन मिलिमीटर माती असली तरी बिट पूर्ण आत जात नाही आणि फक्त तोंडाशी धरतो. साफ केल्यावर बिट घाला आणि हातोडीने हलकं ठोकून तळाला टेकवा.

पायरी तीन: तेल आणि वेळ. गंज सोडवणारा स्प्रे आट्यांच्या मुळाशी मारा आणि किमान पंधरा-वीस मिनिटं थांबा. डब्ल्यूडी-४० सगळ्यांकडे असतो. तो मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला आहे. हलक्या गंजाला चालतो, जुन्या गंजाला खास गंज सोडवणारं द्रव्य जास्त चांगलं. मात्र पॅड आणि डिस्कवर एक थेंबही उडता कामा नये. मध्ये फडकं धरा. डिस्कवर उडालाच तर ब्रेक क्लीनरने पुसा. जुने पॅड पुन्हा बसवायचे असतील आणि त्यांच्यावर तेल गेलं असेल, तर ते पॅड टाकून द्या.

पायरी चार: फटके. बोल्टच्या डोक्यावर सरळ चार-पाच ठोके द्या. फार जोरात नाही. धक्क्याने आट्यांमधला गंज तडकतो. नुसत्या ताकदीपेक्षा धक्का जास्त काम करतो, हे लक्षात ठेवा.

पायरी पाच: आधी किंचित घट्ट करा. विचित्र वाटेल, पण घट्ट करायच्या दिशेने अगदी थोडा जोर दिला की कधी कधी गंजाची पकड सुटते. मग उलट फिरवा. रॅचेट वापरू नका, त्याचे आतले दात तुटतात. लांब दांड्याचं हँडल घ्या. दांडा आपल्याकडे ओढा, ढकलू नका. ढकलताना पाना सुटला तर बोटं थेट पत्र्यावर आपटतात.

पायरी सहा: पुढे-मागे. बोल्ट हलला की लगेच भरभर सोडवू नका. पाव फेरा सोडा, थोडा परत आत घ्या, तेल मारा, पुन्हा सोडा. सुटत आलेला बोल्ट घाईत मोडणं हे सगळ्यात वाईट.

आणि मारुती-ह्युंदाईसारख्या गाड्यांत बोल्टबरोबर आतली स्लाइड पिनही फिरते. तुम्ही फिरवत बसता आणि काहीच सुटत नाही! तिथे पिनेला पातळ फिक्स पाना लावून धरा आणि मग बोल्ट सोडवा.

गॅसचा बर्नर? घरपोच कामात नको

गॅरेजमध्ये बोल्ट तापवून सोडवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. तापवल्याने गंज आणि लॉकचं द्रव्य दोन्ही सैल पडतात, हे खरं. पण शेजारीच रबराचे सील, ब्रेकची नळी आणि पेटू शकणारं ब्रेक ऑइल असतं. त्याहून मोठी भीती म्हणजे काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव्य असतं. ते ज्योतीने किंवा तापलेल्या लोखंडाने गरम झालं तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. सोसायटीच्या बंद बेसमेंटमध्ये हा प्रयोग करायचा नाही. तापवायची वेळ आली तर काम गॅरेजवर न्यायचं.

डोकं गोल झालं, आता?

आधी पाना खाली ठेवा आणि पाच मिनिटं चहा घ्या. मग या क्रमाने जा:

बाहेरचं डोकं गोल झालं असेल तर एक आकार लहान, सहा कोनांची गोटी ठोकून बसते का बघा. नाहीतर आतून पिळदार दात असलेली एक्स्ट्रॅक्टर गोटी वापरा. ती उलट फिरवताना अधिकाधिक घट्ट पकडते.

आतली खाच गोल झाली असेल तर मिस्त्रींची युक्ती: थोडा मोठा टॉर्क्स बिट ठोकून बसवा. चांगल्या पोलादाचाच घ्या, स्वस्त बिट आत मोडला तर दुप्पट काम.

डिस्कचा स्क्रू असेल तर फार काळजी नको. त्याचं डोकं ड्रिलने उडवा, डिस्क निघते, आणि उरलेला तुकडा व्हाइस ग्रिपने पकडून फिरवता येतो. गाडी चालताना डिस्कला चाकाचे नटच दाबून धरतात. तरीही नवीन स्क्रू लावून द्या.

ब्रॅकेटचा बोल्ट आत मोडला तर थांबा. हे वेल्डिंगवाल्याचं किंवा लेथवाल्याचं काम आहे. चांगला वेल्डर मोडक्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो फिरवून काढतो. त्याचा फोन नंबर काम सुरू करण्याआधी तुमच्याकडे असला पाहिजे.

माझा नियम आहे तीन प्रयत्नांचा. योग्य बिट, तेल आणि फटके हा पहिला. पुन्हा तेल, जास्त वेळ आणि लांब दांडा हा दुसरा. एक्स्ट्रॅक्टर हा तिसरा. चौथा प्रयत्न नाही. चौथ्या वेळी आपण काम करत नसतो, राग काढत असतो.

बसवताना

सोडवलेला बोल्ट तसाच परत लावू नका. आटे साफ करा. डोकं खराब झालेलं असेल तर नवीनच लावा. काही बोल्ट कंपनीच एकदाच वापरायचे म्हणून देते, ते दर वेळी बदला. घट्ट करताना टॉर्क रेंच घ्या आणि आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. कॅलिपरच्या पिनेला लागणारा जोर ब्रॅकेटच्या बोल्टपेक्षा बराच कमी असतो. दोन्हींना सारखाच जोर दिला तर पुढच्या वेळचा हट्टी बोल्ट आज तुम्हीच तयार करताय. स्लाइड पिनेला ब्रेकसाठीची सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं. कॅलिपर बाजूला ठेवताना तारेने टांगा, नळीवर लोंबकळू देऊ नका.

आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबा! पॅड बदलल्यावर पहिलं पेडल पोकळ जातं. हे विसरलात तर गाडी पार्किंगच्या भिंतीत.

आता धंद्याचा हिशेब

समजा पुढचे पॅड बदलायची मजुरी तुम्ही ८०० रुपये सांगितली आणि काम दीड तासात झालं. तासाला साधारण ५३३ रुपये पडले. आता समजा एक बोल्ट अडला, अडीच तास जास्त गेले आणि नवीन पिन, रिक्षा मिळून ३५० रुपये खिशातून गेले. चार तासांत हातात ४५० रुपये, म्हणजे तासाला साधारण ११२. आणि गिऱ्हाईक नाराज, ते वेगळंच. माझ्या त्या रविवारनंतर त्या सोसायटीतून पुढे एकही फोन आला नाही. ७ मिमीच्या एका बिटसाठी मी अख्खी इमारत गमावली.

म्हणून बुकिंग घेतानाच हे करा:

१. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि मागे डिस्क आहे की ड्रम, हे विचारा. आदल्या दिवशी बोल्टांचे प्रकार शोधून तेवढे बिट पेटीत टाका.

२. ज्या पिना अडतात त्यांचा एक नवीन जोड शक्यतो बरोबर न्या. वापरला नाही तर दुकानदार परत घेईल का, हे आधी बोलून ठेवा.

३. गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर साध्या शब्दांत लिहा: "गाडी जुनी असल्याने बोल्ट गंजलेला असू शकतो. तसं झालं तर जास्तीचा वेळ आणि नवीन बोल्टचा खर्च लागेल. तो तुम्हाला विचारूनच करेन." आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

४. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागणारच असेल, तर संध्याकाळी ब्रेकचं काम घेऊ नका. दुकानं उघडी असताना, सकाळी घ्या.

५. चूक तुमची असेल तर खर्च तुमचा. लगेच, न मागता.

आणि एक स्पष्ट सांगतो. ब्रेकवर दुसऱ्याचं कुटुंब अवलंबून असतं. एखाद्या अनुभवी मिस्त्रींच्या हाताखाली पुरेशी कामं केल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या ब्रेकला हात लावू नका. "हे मला जमणार नाही" म्हणणारा माणूस धंद्यात मागे पडत नाही. लोक त्याच्यावरच विश्वास ठेवतात.

आजचा गृहपाठ

भंगारवाल्याकडून एक जुना, गंजलेला कॅलिपर ब्रॅकेटसकट आणा. वजनावर मिळतो. घरी व्हाइसमध्ये पकडा आणि वरच्या सहा पायऱ्या त्याच क्रमाने करा. बोल्ट मुद्दाम एकदा गोल करा आणि एक्स्ट्रॅक्टरने काढून बघा. बोल्ट हलण्याआधी आणि मोडण्याआधी हाताला काय जाणवतं, यातला फरक शब्दांत सांगता येत नाही. तो भंगारातल्या बोल्टवर शिका, गिऱ्हाइकाच्या गाडीवर नाही.

पेटीत ७ मिमीचा बिट आहे का? आत्ताच उठून बघा. भेटू पुढच्या भागात.